उच्चार एक, लेखन अनेक : इंग्रजीतील समोच्चारी शब्दांची कुळकथा



प्राथमिक शाळेतील मराठीचा तास आणि इंग्रजीचा तास यांत एक मूलभूत भेद आहे. मराठीच्या तासाला मूल जसे ऐकते तसे लिहिते आणि ते बहुधा बरोबर ठरते. इंग्रजीच्या तासाला तेच मूल तसेच ऐकते, तसेच लिहिते आणि ते पुष्कळदा चूक ठरते. मुलाची रीत बदललेली नसते. भाषा बदललेली असते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला. त्यामुळे पूर्वी दहा-अकरा वर्षांच्या मुलाला येणारा हा अनुभव आता सहा-सात वर्षांच्या मुलाच्या वाट्याला येतो.

उदाहरणार्थ, ‘मला माहीत आहे’ या अर्थाचे ‘आय नो’ हे छोटे वाक्य घ्या. मूल ‘नो’ ऐकते आणि एन, ओ अशी दोन अक्षरे लिहिते. शिक्षक त्याखाली तांबडी रेघ ओढतात, कारण जाणण्याच्या अर्थाचा ‘नो’ के, एन, ओ, डब्ल्यू अशा चार अक्षरांनी लिहावयाचा असतो आणि मुलाने लिहिलेला ‘नो’ नकाराचा आहे. देवनागरीत हे दोन्ही शब्द ‘नो’ असेच लिहावे लागतात, कारण त्यांच्या उच्चारात तिळमात्र फरक नाही. मुलाच्या कानाने चूक केलेली नाही. मग ती चूक कोणाची आणि तिच्याकडे शिक्षकाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

‘इंग्रजी स्पेलिंगला नियम नाहीत, पाठ करा,’ एवढेच उत्तर वर्षानुवर्षे वर्गातून दिले जाते. हे उत्तर अपुरे आहे आणि मुलाच्या बुद्धीवर अन्याय करणारे आहे. ज्या गोष्टीला कारणच नाही असे सांगितले जाते, ती पाठ करण्याचा मुलास कंटाळा येतो. आणि जो पाठ करू शकत नाही तो ‘इंग्रजी आपल्यासारख्यांची नाही’ अशी समजूत करून घेतो. खेड्यातील किती तरी हुशार मुले या एका समजुतीपायी मागे राहतात. वास्तविक इंग्रजी लेखनाला कारणे आहेत. ती इतिहासात आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ मराठी शिक्षकाला सहज उमगण्याजोगी आहेत.

इंग्रजी ही संस्कृताच्या दूरच्या गोत्रातील भाषा आहे. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे व्याख्यान देताना सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ स्रोतापासून निघाल्या असाव्यात, असे मत मांडले. पुढील संशोधनाने इंग्रजी व जर्मन याही त्याच कुळातल्या असल्याचे स्थिर केले. एका आजोबांची नातवंडे दूरदूरच्या गावी राहावयास गेली, प्रत्येकाची बोली बदलली, तरी नाकाडोळ्यांची ठेवण कोठे तरी जुळते. तसाच हा प्रकार आहे.

हे ध्यानात ठेवून पुन्हा जाणण्याच्या ‘नो’कडे वळू. त्याच्या आरंभीचा के आज बोलला जात नाही; पण हजार वर्षांपूर्वीच्या प्राचीन इंग्रजीत या धातूचे रूप ‘क्नावन’ असे होते आणि त्यातील ‘क्’ स्पष्टपणे उच्चारला जाई. संस्कृतातील ‘ज्ञा’ हा धातू याचा सगोत्र होय. ‘ज्ञा’ म्हणजे ज् आणि ञ् यांचा संयोग. तोच संयोग ग्रीक-लॅटिनमध्ये ‘ग्न’ झाला आणि इंग्रजीत ‘क्न’ झाला. दवाखान्यात आपण ‘डायग्नोसिस’ हा शब्द ऐकतो, त्यातील ‘ग्नो’ म्हणजे हेच जाणणे. ओळखणे या अर्थाच्या ‘रेकग्नाइझ’मध्येही तोच ‘ग्न’ आहे. अर्थात् ज्या अक्षराला विद्यार्थी निरुपयोगी समजतो, तो के म्हणजे आपल्या ‘ज्ञाना’तील ‘ज्’चा इंग्रज भाऊ आहे. गुडघ्याला ‘नी’ म्हणतात, तेथेही आरंभी मुका के आहे. संस्कृतात गुडघ्याला ‘जानु’ म्हणतात. ‘आजानुबाहू’ हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘ज्ञा’ला के आणि ‘जानु’ला के, हा योगायोग नसून दोन भाषांतील नियमित ध्वनिसंबंध आहे. सतराव्या शतकात प्रमाण इंग्रजीतून हा ‘क्’ बोलण्यात लोपत गेला. लिहिण्यात मात्र तो राहिला.

आता नकाराचा ‘नो’ पाहू. तो ‘न’ आणि ‘कधीही’ या अर्थाचा एक जुना शब्द यांच्या जोडीतून झाला. त्यातील ‘न’ म्हणजे आपलाच ‘न’. म्हणजे एका ‘नो’च्या मागे ‘ज्ञा’ उभा आहे आणि दुसऱ्या ‘नो’च्या मागे ‘न’. दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन प्रवासी एका वळणावर एकसारखे दिसू लागले, इतकेच.

‘नाइट’ या दोन शब्दांची कथा याहूनही रंजक आहे. रात्र या अर्थाचा शब्द एन, आय, जी, एच, टी असा लिहितात. सरदार-योद्धा या अर्थाच्या शब्दाला आरंभी के अधिक आहे. दोहोंत जी-एच ही अक्षरे मुकी. प्राचीन इंग्रजीत रात्रीला ‘निख्त’ म्हणत. जी-एच ही जोडी त्या ‘ख्’सारख्या घर्षक ध्वनीची खूण होय. जर्मन भाषेत आजही रात्रीला ‘नाख्त’ म्हणतात आणि संस्कृतात ‘नक्त’ म्हणतात. दिवसभर उपोषण करून रात्री एकदाच जेवावयाच्या व्रताला आपल्याकडे ‘नक्त’ म्हणतात, ते याच अर्थाने. दुसरा ‘नाइट’ प्राचीन इंग्रजीत ‘क्निख्त’ होता आणि त्याचा अर्थ मुलगा, पोऱ्या, सेवक असा होता. जर्मनमधील ‘क्नेख्त’ हा सगोत्र शब्द सेवकाच्या अर्थीच राहिला; इंग्लंडात मात्र राजाच्या वा उमरावाच्या पदरी शस्त्र धरणारा सेवक, मग घोडेस्वार योद्धा, आणि शेवटी राजाने बहाल केलेली मानाची पदवी, अशी त्या शब्दाची बढती होत गेली. शब्दाचा मान वाढला, उच्चार झिजला, लेखन जुनेच राहिले.

‘राइट’ या उच्चाराचे तीन शब्द शाळेत नेहमी भेटतात. लिहिणे या अर्थाचा शब्द डब्ल्यूने सुरू होतो. हा डब्ल्यूही एके काळी बोलला जाई, आणि त्या धातूचा मूळ अर्थ कोरणे, ओरखडणे असा होता. कारण प्रारंभीचे लेखन लाकडावर वा दगडावर खुणा कोरूनच होत असे. बरोबर, सरळ, उजवा या अर्थाच्या ‘राइट’मध्ये पुन्हा तो मुका जी-एच आहे; हा शब्द संस्कृत ‘ऋजु’चा सगोत्र. धार्मिक विधी या अर्थाचा तिसरा ‘राइट’ लॅटिनमधून आला, म्हणून त्याच्यात ना डब्ल्यू ना जी-एच. ज्याला या तिघांचे घर ठाऊक झाले, त्याला त्यांचे वेष लक्षात ठेवणे फारसे जड जात नाही.

दोन या अर्थाच्या ‘टू’मधील डब्ल्यू तर साऱ्या वर्गाला कोडे घालतो. टी, डब्ल्यू, ओ अशी अक्षरे असता डब्ल्यू बोलावयाचा का नाही? येथे ‘द्वि’ आठवावा. ‘द्वि’मधील ‘व्’ तोच हा डब्ल्यू. दोनच्या उच्चारातून तो गळाला. पण बारा या अर्थाच्या ‘ट्वेल्व्ह’मध्ये, वीस या अर्थाच्या ‘ट्वेंटी’मध्ये, जुळे या अर्थाच्या ‘ट्विन’मध्ये आणि दोनदा या अर्थाच्या ‘ट्वाइस’मध्ये तो आजही स्पष्ट ऐकू येतो. या सर्व शब्दांत दोनपणा आहे आणि सर्वांत डब्ल्यू आहे. उरलेले दोन ‘टू’ मात्र मुळात एकच होते. ‘कडे, ला’ या अर्थाचा टी-ओ आणि ‘सुद्धा, फार’ या अर्थाचा टी-ओ-ओ हे एकाच शब्दाचे भाग होत. जोर देऊन उच्चारलेल्या रूपाला पुढे एक ओ जादा मिळाला. ज्याच्या अर्थात अधिकपणा, त्याला अक्षरही अधिक, हे मुलांच्या ध्यानात चांगले राहते.

येथवर व्यंजनांची गोष्ट झाली. स्वरांचा घोटाळा याहून मोठा आहे, आणि त्याचे कारण काळाच्या एका विचित्र मेळात आहे. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला आणि इंग्लंडात मुद्रणास प्रारंभ झाला. छापील पुस्तकांमुळे शब्दांचे लेखन हळूहळू गोठत गेले. नेमक्या याच सुमारास, म्हणजे पंधराव्या ते सतराव्या शतकांच्या दरम्यान, इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार मात्र भराभर पालटत होते. साचा घट्ट झाला आणि आतील पदार्थ वितळून दुसरा आकार घेत राहिला. आजचे इंग्रजी लेखन हे बव्हंशी त्या जुन्या उच्चारांचे चित्र आहे.

‘सी’ हा उच्चार घ्या. समुद्र या अर्थी एस, ई, ए. पाहणे या अर्थी एस, ई, ई. ‘मीट’ हा उच्चार घ्या. मांस या अर्थी मध्ये ई-ए. भेटणे या अर्थी मध्ये ई-ई. ही दोन वेगळी लेखने उगाच झालेली नाहीत. ई-ए आणि ई-ई या जोड्यांनी एके काळी दोन निरनिराळे स्वर दाखविले जात. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक शब्दांत ते दोन स्वर एक झाले. मोठा या अर्थाचा ‘ग्रेट’ आणि मोडणे या अर्थाचा ‘ब्रेक’ यांसारख्या थोड्या शब्दांत ई-ए वेगळ्या वाटेने गेला, म्हणून तेथे ‘ई’ ऐकू न येता ‘ए’ ऐकू येतो. ‘मीट’च्या अर्थाचीही एक गंमत आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ केवळ अन्न असा होता. मिठाईला इंग्रजीत ‘स्वीटमीट’ म्हणतात हे वाचून एखादा शाकाहारी विद्यार्थी बिचकला, तर त्याला हा जुना अर्थ सांगावा.

मुलगा या अर्थाचा ‘सन’ आणि सूर्य या अर्थाचा ‘सन’ यांचा भेद लेखकूंच्या लेखणीतून आला असे मानले जाते. मुलगा हा शब्द प्राचीन इंग्रजीत ‘सुनु’ होता. संस्कृतातील ‘सूनु’ तो हाच. मारुतीला पवनसूनु म्हणतात हे सर्वांस ठाऊक आहे. त्यात मुळी ओ नव्हता, यू होता. परंतु मध्ययुगीन हस्तलिखितांत यू, एन, एम ही अक्षरे उभ्या लहान दंडांनी लिहीत. यू म्हणजे दोन दंड, एन म्हणजे दोन दंड. यू आणि एन शेजारी आले की ओळीने चार दंड उभे राहत आणि वाचणाऱ्यास अक्षर कोठे संपले ते कळेना. म्हणून अशा ठिकाणी यूऐवजी ओ लिहिण्याची चाल पडली, असे या बदलाचे कारण दिले जाते. मध या अर्थाचा ‘हनी’, प्रेम या अर्थाचा ‘लव्ह’, येणे या अर्थाचा ‘कम’ यांत उच्चार ‘अ’चा असूनही ओ दिसतो, त्याचेही कारण हेच सांगतात. सूर्याच्या शब्दात अखेरीस यू स्थिर झाला आणि पिता-पुत्रांना ओळखण्याची सोय झाली.

समोच्चारी शब्दांचे तिसरे कारण म्हणजे इंग्रजीने केलेली उसनवारी. आठव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तरेकडील नॉर्स लोक इंग्लंडात उतरले, १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले व त्यांची फ्रेंच भाषा दरबारात आली, आणि विद्वानांनी लॅटिन-ग्रीकमधून शब्द घेतले. आठवडा या अर्थाचा ‘वीक’ घरचा आहे, दुबळा या अर्थाचा ‘वीक’ नॉर्समधून आलेला. ‘तेथे’ या अर्थाचा ‘देअर’ घरचा, ‘त्यांचा’ या अर्थाचा ‘देअर’ नॉर्समधला. ‘आमचा’ या अर्थाचा ‘अवर’ घरचा, तर तास या अर्थाचा ‘अवर’ फ्रेंचमधून आला. तासाच्या ‘अवर’ला आरंभी मुका एच आहे, कारण फ्रेंच लोक तो एच बोलत नसत, तो मुळात ग्रीक ‘होरा’ या शब्दाचा. हाच ग्रीक शब्द आपल्या ज्योतिषातही ‘होरा’ म्हणून आला आहे. घड्याळातला इंग्रजी तास आणि पंचांगातला होरा ही एकाच घरची भावंडे आहेत.

काही जोड्यांत मात्र उसने घेतलेला शब्द एकच आणि पुढे त्याचे दोन झाले, असे घडले. फूल या अर्थाचा ‘फ्लॉवर’ आणि पीठ या अर्थाचा ‘फ्लॉअर’ हे दोन्ही लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेल्या एकाच शब्दाचे अवतार. गहू दळून चाळल्यावर जो उत्तम, बारीक भाग मिळतो त्याला ‘गव्हाचे फूल’ म्हणत. कोणत्याही वस्तूचा निवडक अंश म्हणजे तिचे फूल, ही कल्पना. सॅम्युएल जॉन्सन याच्या १७५५ सालच्या सुप्रसिद्ध कोशातही या दोहोंत भेद केलेला नाही. पुढे व्यवहाराच्या सोयीसाठी त्यांची लेखने वेगळी पक्की झाली.

‘स्टेशनरी’ हा शब्द तर शाळेच्या दप्तरात रोजचा आहे. कागद, पेन, शाई या अर्थाच्या शब्दात शेवटी ई-आर-वाय आणि स्थिर, न हलणारा या अर्थाच्या शब्दात ए-आर-वाय. दोहोंचे मूळ एक. मध्ययुगात पुष्कळसा व्यापार फिरत्या विक्रेत्यांच्या हाती असे. विद्यापीठांच्या गावी मात्र ग्रंथविक्रेते एका जागी कायमचे दुकान मांडून बसत, म्हणून त्यांना ‘स्थिर बसणारे’ या अर्थी ‘स्टेशनर’ म्हणू लागले. आणि त्यांच्या दुकानातील माल तो स्टेशनरी. लंडनच्या स्टेशनरांच्या मंडळीला १५५७ साली राजाज्ञेने सनद मिळाली. आठवड्याचा बाजार आणि पेठेतले पक्के दुकान यांतील भेद खेड्यातल्या मुलास समजावून द्यावा लागत नाही. या शब्दांच्या मुळाशी असलेला लॅटिन धातू ‘स्था’चा सगोत्र आहे, रेल्वेचे ‘स्टेशन’ म्हणजेही स्थान. मुख्य या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ ए-एलने संपतो आणि तत्त्व या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ एल-ईने. दोहोंच्या मुळाशी ‘पहिले स्थान घेणारा’ असा अर्थ असलेला एकच लॅटिन शब्द आहे.

आता एक सावधगिरीचा इशारा देणे अवश्य आहे. प्रत्येक मुके अक्षर एके काळी बोलत होतेच, असे समजू नये. बेट या अर्थाच्या ‘आयलंड’मधील एस कधीही बोलला गेला नाही. हा घरचा जुना शब्द असून त्यात एस नव्हताच. लॅटिनमधून आलेल्या, त्याच अर्थाच्या ‘आइल’ या शब्दात एस आहे, तेव्हा यातही असावा असा गैरसमज झाला आणि एस घुसडला गेला. देवळातील वा सभागृहातील रांगांमधल्या वाटेलाही ‘आइल’ म्हणतात. तो शब्द लॅटिनमधील ‘पंख’ या अर्थाच्या शब्दापासून आला. त्यातही मूळचा एस नाही, बेटाच्या ‘आइल’शी झालेल्या घोटाळ्याने तो आला. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधील बी विद्वानांनी लॅटिन मूळ दाखविण्यासाठी मागाहून बसविला. तेव्हा काही अक्षरे जुन्या उच्चाराची साक्ष देतात, तर काही पंडितांच्या अभिमानाची व चुकांची.

अशी फसगत आपल्याकडेही झालेली आहे. वर सांगितलेला ‘होरा’ हा शब्द ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले व शेवटचे अक्षर गाळून झाला, असे काहींचे मत असल्याचा उल्लेख वराहमिहिराच्या बृहज्जातकात आहे. ही उपपत्ती सुबक आहे, पण आधुनिक अभ्यासक तो शब्द ग्रीकमधून आल्याचे मानतात. उच्चार जुळला म्हणजे नाते जुळले असे होत नाही. म्हणून शिक्षकाने कोशात पाहिल्यावाचून व्युत्पत्ती सांगू नये, आणि स्मरणाची युक्ती व खरी व्युत्पत्ती यांत गल्लत करू नये. ऐकणे या अर्थाच्या ‘हिअर’मध्ये कान या अर्थाचा ‘इअर’ दडला आहे, ही पाठांतराची उत्तम युक्ती आहे. ते त्याचे मूळ नव्हे. याउलट ‘येथे’, ‘तेथे’, ‘कोठे’ या अर्थाचे ‘हिअर’, ‘देअर’, ‘व्हेअर’ हे तिन्ही शब्द खरोखर एका घडणीचे आहेत, जसे अत्र, तत्र, कुत्र. तिघांच्या पोटी एच, ई, आर, ई ही अक्षरे सारखी आहेत. स्थळाचा ‘देअर’ आणि ‘त्यांचा’ या अर्थाचा ‘देअर’ यांतील फरक या कुटुंबावरून मुलास चटकन कळतो.

हे सर्व ऐकून कोणास वाटेल की मराठी किती सरळ आणि इंग्रजी किती वाकडी! असा निष्कर्ष घाईचा होईल. ‘भाषा’ आणि ‘आशा’ यांतील ष आणि श बहुतेक मराठी माणसे एकसारखेच उच्चारतात. लेखनात मात्र भेद पाळतात. ‘ऋ’ आपण ‘रु’ असाच बोलतो. ‘ज्ञ’ आपण ‘द्न्य’ असा उच्चारतो, हिंदी भाषक ‘ग्य’ असा, गुजराती भाषक ‘ग्न’ असा. मूळचा ‘ज्ञ’ कोणाच्याच तोंडी राहिलेला नाही. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, ‘सुत’ म्हणजे पुत्र आणि ‘सूत’ म्हणजे धागा, यांतील ऱ्हस्वदीर्घ बोलण्यात किती जण काटेकोर पाळतात? उलटपक्षी ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य यांचा ‘ज’ बोलण्यात वेगळा, पण लिहिण्यात एक. आपले वडील-आजोबा ‘नांव’ लिहिताना ‘ना’वर अनुस्वार देत आणि होडी या अर्थाची ‘नाव’ अनुस्वाराविना लिहीत. तो अनुस्वारही इंग्रजीतील मुक्या अक्षरासारखाच, जुन्या उच्चाराची खूण म्हणून राहिला होता. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकण्यात आले. आज दोन्ही ‘नाव’ एकसारखे लिहिले जातात आणि अर्थ संदर्भावरून कळतो. इंग्रजीने जुनी खूण जपली, मराठीने ती पुसली. दोन्ही मार्गांत काही लाभ, काही हानी आहे.

या विवेचनाचा वर्गातील कामाशी काय संबंध, ते आता पाहावयाचे.

पहिली गोष्ट श्रुतलेखनाची. समोच्चारी शब्द कधीही एकटा उच्चारून लिहावयास सांगू नये. शिक्षक नुसते ‘सन’ म्हणाले, तर मुलगा लिहावा की सूर्य, हे प्रत्यक्ष कोशकारालाही सांगता येणार नाही. शब्द वाक्यात द्यावा, वाक्य दोनदा म्हणावे, आणि मग शब्द लिहून घ्यावा. वाक्यावाचून विचारलेल्या शब्दाला कापलेला गुण हा अन्यायाने कापलेला गुण होय.

दुसरी गोष्ट वही तपासण्याची. मुलाच्या चुका दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात कान चुकलेला असतो. दुसऱ्या प्रकारात कान बरोबर असून जोडीदार शब्द लिहिलेला असतो. दुसऱ्या प्रकारच्या चुकीवर फुली मारण्याऐवजी शब्दाभोवती वर्तुळ काढावे आणि समासात बरोबर जोडीदार लिहावा. त्यावरून मुलास कळते की आपण ऐकले ते खरे होते, फक्त वेष बदलावयाचा आहे. मुलाला बसणारा धाक आणि मिळणारा धीर यांतील अंतर पुष्कळदा एवढ्या एका खुणेचे असते. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केलेली आहे. पण कायदा नसता तरी बरोबर ऐकणाऱ्या मुलास स्पेलिंगपायी चारचौघांत ‘ढ’ म्हणणे शिक्षकधर्मात बसले नसते.

तिसरी गोष्ट शब्दकुटुंबांची. फळ्याच्या एका कोपऱ्यात आठवड्याला एकच जोडी लिहावी आणि तिच्याबरोबर तिचे नातलग मांडावेत. ‘टू’बरोबर ‘ट्वेल्व्ह’, ‘ट्वेंटी’, ‘ट्विन’. जाणण्याच्या ‘नो’बरोबर ज्ञान या अर्थाचा ‘नॉलेज’. एका वेळी दहा जोड्यांची यादी दिल्यास त्यांचा गोंधळच अधिक पक्का होतो, म्हणून घाई करू नये. वरच्या वर्गांत ‘दिन-दीन’, ‘सुत-सूत’ अशा मराठी जोड्या मुलांकडूनच गोळा करवून घ्याव्यात. भाषेत अशी गुंतागुंत असते हे आपल्याच भाषेत पाहिले, म्हणजे परक्या भाषेची भीती ओसरते.

चौथी गोष्ट मर्यादेची. पहिली-दुसरीच्या मुलास ‘क्निख्त’ आणि ‘नॉर्मन’ सांगू नये. त्याला चित्र, वाक्य आणि खेळ पुरेत. हा इतिहास प्रथम शिक्षकासाठी आहे. ज्याला कारण ठाऊक असते त्याचा आवाज शांत राहतो, आणि मुलाने ‘हा के कशाला?’ असे विचारताच तो चिडत नाही. तिसरी-चौथीपासून पुढे अशा प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर द्यावे. उत्तर ठाऊक नसेल तर ‘कोशात पाहून उद्या सांगतो’ असे म्हणावे, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच सांगावे.

ग्रामीण शाळेतील शिक्षकाच्या मनात इंग्रजीविषयी एक संकोच असतो. आपले उच्चार शहरी नाहीत, आपण इंग्रजी माध्यमात शिकलो नाही, असे त्यास वाटत राहते. परंतु ज्ञा, जानु, नक्त, ऋजु, सूनु, द्वि, स्था ही सगळी शिदोरी त्याच्याजवळ आधीपासून आहे. मराठी नीट जाणणारा शिक्षक इंग्रजीच्या दारात रित्या हाताने उभा नसतो. ती शिदोरी सोडून वर्गात वाटावी. आणि प्रत्येक केंद्रशाळेत इंग्रजीचा एक चांगला व्युत्पत्तिकोश शिक्षकांच्या हाती येईल अशा जागी ठेवावा, कपाटात कुलूपबंद ठेवू नये. पुढील केंद्रसंमेलनास येताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गात नेहमी घोटाळा होणाऱ्या पाच जोड्या आणि मुलांनी त्यांवर विचारलेले प्रश्न लिहून आणावेत. त्या प्रश्नांवरून पुढील चर्चेची दिशा ठरविता येईल.